मावशीच्या सोप्यावरचा जॉइंट

“हात दाव,” मावशी म्हणाली.

मी दोन्ही हात पुढं केले. बाजारात भेंडी मोडून बघतात तसं तिनं माझं एकेक बोट दाबून बघितलं. नखांच्या कडा बघितल्या. मग वाकून माझ्या बुटांकडं बघितलं आणि नाक मुरडलं.

“हात कोरडा हाय. बुटं भाईर काढ. आनि त्यो शेपटा वर बांध. माज्या लोणच्यात केस घावला तर गावभर शिमगा करीन तुज्या नावानं.”

“माझ्याही कामात केस चालत नाही, मावशी.”

“तुजं कसलं आलंय काम? वायरीच तर जोडायच्या न्हवं?”

आजऱ्याच्या पुढं, घाटाच्या तोंडाशी निंबाळेवाडी नावाचं गाव आहे, तिथली ही गोष्ट. ग्रामपंचायतीत इंटरनेट यायचं होतं. त्यासाठी रस्त्याकडेनं जमिनीखालून फायबरची केबल टाकली होती आणि तिची दोन टोकं मावशीच्या दारासमोरच्या चेंबरमध्ये, म्हणजे सिमेंटच्या चौकोनी खड्ड्यात, येऊन थांबली होती. ती जोडायला मी आले होते. आम्ही जोडायच्या कामासाठी बारका तंबू आणतो. तो मी रस्त्याकडेला उभा केला, आणि मे महिन्याच्या वाऱ्यानं तो उचलून समोरच्या काजूच्या झाडावर नेऊन ठेवला. कोंबड्या ओरडत सुटल्या. सोप्यावर, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीवर, बसलेली हौसामावशी इंगवले पोट धरून हसली. हसून झाल्यावर तिनं विचारलं, “आता काय करतीयास?”

“तुमच्या सोप्यावर बसू का?” मी म्हटलं. केबल गुंडाळून भरपूर जास्तीची ठेवलेली असते, ती तिच्या सोप्यापर्यंत आरामात पोचत होती.

अडचण एवढीच होती की सोप्यावर लोणचं चाललं होतं. एका बाजूला कैऱ्यांचं पोतं, मध्ये मोठा अडकित्ता, आणि पांढऱ्या धोतरावर फोडींचा ढीग. एका परातीत मोहरीची डाळ, मेथी, हिंग, हळद काढून ठेवलेली. लोणच्याच्या दिवशी मावशीच्या सोप्यावर परकं माणूस चढत नसे. सुनासुद्धा हात दाखवून चढत, असं मला पुढं कळलं.

“वायरी नाहीत,” मी म्हटलं. “आत काच असते. केसाएवढी बारीक. तिच्यातनं उजेड जातो. ती जोडायची, जोडलेला भाग डब्यात घालायचा आणि डबा त्या चेंबरमध्ये टांगायचा. पावसाळ्यात चेंबर पाण्यानं भरतो. डब्यात थेंबभर पाणी गेलं की सगळं वाया.”

मावशीचा अडकित्ता थांबला.

“थेंबभर?”

“धूळ गेली तरी. कण आडवा आला तरी झाकण नीट बसत नाही.”

“आनि किती वरसं टिकाय पायजे?”

“वीसेक.”

“माजं चार वरसं टिकतंय,” मावशी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिनं माझ्याकडं माणूस म्हणून बघितलं. “ये वर. त्या टोकाला बस. मी ह्या टोकाला बसतो. तुजी काच हिकडं यायची न्हाई, माजी मोहरी तिकडं यायची न्हाई.” आमच्या कोल्हापूरकडं बायकाही ‘मी बसतो, मी जातो’ असंच म्हणतात. मावशीचं बोलणं तर अस्सल तिकडचं.

त्या दिवशी माझं काय पणाला लागलं होतं ते सांगायला हवं. मी तेव्हा हेल्पर होते. आमच्या ठेकेदाराकडं जोडणाऱ्याला जॉइंटर म्हणतात, आणि जॉइंटर सगळे पुरुष. मी त्यांची बॅग उचलायची, केबल पुसायची, चहा आणायचा आणि बघायचं. बघून बघून मी सगळं शिकले होते. माझा बाप सुतार, धंद्यानं आणि आडनावानंही. सांधा दिसला तर सुतार कसला, असं म्हणणारा. सांधा जमवायचा तर डोळा आणि धीर लागतो हे माझ्या रक्तातच होतं म्हणा ना. मोठ्या इंजिनिअर पिंगळे मॅडमना मी धीर करून एकदा विचारलं होतं, मला एक जॉइंट करू द्याल का. त्या म्हणाल्या होत्या, “करा. मी स्वतः येऊन तपासीन. चांगला झाला तर जोडायचं मशीन तुमच्या नावावर.” निंबाळेवाडीचा जॉइंट तो. पास झाला तर मी जॉइंटर, नाही तर पुन्हा बॅग. मला ते मशीन इतकं हवं होतं की आदल्या रात्री मी जेवले नव्हते.

मी काळी चटई पसरली, कारण पांढऱ्यावर काचेचा तुकडा दिसत नाही. डोळ्यांना चष्मा लावला. तुकडे टाकायची झाकणाची बाटली शेजारी ठेवली. केबलचं वरचं आवरण सोललं, आतली तेलकट चिकट जेल पुसली, मधली जाड काडी डब्याच्या तळाशी स्क्रूनं घट्ट आवळली. उद्या कुणी केबल ओढली तर ओढ त्या काडीवर यावी, काचेवर येऊ नये म्हणून. मग रंगीत नळ्यांतून एकेक काच बाहेर काढायला लागले.

मावशीला राहवेना. फोडी करता करता ती बसल्या जागी सरकत होती. आधी खांबापाशी होती, मग खांबाच्या अलीकडं आली. मी मान वर केली की ती अडकित्ता चालवायची.

“मावशी, लांब.”

“लांबच हाय की. एवढं काय करती गं ती काच?”

“काचेचा तुकडा बोटात घुसला तर दिसत नाही, निघत नाही. पोटात गेला तर त्याहून वाईट. म्हणून इथं मी पाणीसुद्धा पीत नाही. काम झालं की हात धुवायचे, मगच तोंडाला लावायचे.”

“अगं बया,” मावशी म्हणाली आणि फोडींचं धोतर तिनं आपल्या पाठीमागं ओढून घेतलं. वरच्या फोडी दुसऱ्या परातीत भरून ती परात तेवढी जवळ ठेवली, तिखटमीठ लावून येणाऱ्याजाणाऱ्याला द्यायची म्हणून.

निम्मं काम झालं असेल-नसेल, तेवढ्यात आमचे सुपरवायझर खराडे साहेब मोटारसायकलवरून आले. एका हातात चहाचा कागदी कप. हात न दाखवता, बूट न काढता ते सोप्यावर चढले आणि कप माझ्या काळ्या चटईवर ठेवून माझ्यासमोर उकिडवे बसले.

“अजून एवढंच? मॅडम आजऱ्यातनं निघाल्या.”

“होतंय, साहेब. कप तेवढा...”

“आणि हे काय सोंग?” त्यांनी माझा चष्मा बोटानं वर केला. “चष्मा, बाटली, चटई. ऑपरेशन चाललंय जणू. सरक. असल्या नखऱ्यात संध्याकाळ होईल. बघ, कसं करतात ते.”

साहेबांचा हात भरभर चालत होता खरा. त्यांनी माझ्या हातातली काच घेतली, सोलली, कापली, दुसरी घेतली, कापली. तुकडे चटईवर पडत होते, बाहीवर पडत होते. “दिसलं? चष्मा लागला?” असं म्हणत त्यांनी बाही झटकली आणि चटईवर जोरात फुंकर मारली.

“ए बाबा!” मावशी ओरडली. “माज्या फोडीवर फुकू नगंस!”

“अहो मावशी, केसाएवढं तर असतं ते.”

म्हणाले खरं, पण त्यांची नजर परातीकडं गेली. माझीही गेली. सोप्यावर उन्हाची तिरीप आलेली होती, आणि एका ओल्या हिरव्या फोडीवर काहीतरी बारीक लखलखलं. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. मग त्यांनी खिशातनं न वाजलेला फोन काढून कानाला लावला आणि “हां, बोला, बोला” करत अंगणात गेले, पार गोठ्यापलीकडं.

मी चिकटपट्टी घेऊन जमीन टिपली, चटई टिपली, आणि मावशीच्या कानाशी लागून तिला सांगितलं.

मला वाटलं, आता शिमगा. पण मावशी गप्प उठली. परात उचलून आत गेली. मागचा परड्याकडचा दरवाजा उघडल्याचा आवाज आला, कुदळीचा आवाज आला, पुन्हा दरवाजा लागला. थोड्या वेळानं ती परात घेऊन बाहेर आली. परात फोडींनी भरलेली, वर तिखटमीठ. आत तिनं काय केलं ते मला ठाऊक होतं. खराडे साहेबांना नव्हतं.

“तू तुजं काम कर,” ती म्हणाली. “मान वर करू नगंस.”

साहेब परत आले तेव्हा मी त्यांनी कापलेल्या काचा पुन्हा कापून नव्यानं जोडत होते, कारण त्यांचं एकही टोक सरळ कापलेलं नव्हतं. ते बघून काही बोलणार, तेवढ्यात मावशीनं परात त्यांच्या नाकाखाली धरली.

“घ्या की सायेब. पयली फोड हाय औंदाची.”

“नको, नको.”

“का? आमच्या हातचं चालत न्हाई?”

आमच्या भागात हा प्रश्न विचारला की माणसाची सुटका नसते. साहेब घाईघाईनं म्हणाले, “तसं नाही हो मावशी. पित्त आहे मला. आंबट वर्ज्य.”

“पित्तावर कैरीगत औषिद न्हाई. उकडून पन्हं केलं तर पिताईसा न्हवं? एकच घ्या.”

“उपास आहे आज.”

“कशाचा?”

साहेबांना वार आठवावा लागला. “गुरुवारचा.”

“मग तर कैरी चालती. मीठ लावल्यालं चालत नसंल तर बिनमिठाची देतो.” आणि मावशी परातीत बोटं घालून बिनमिठाची फोड शोधायला लागली. चांगली खालीवर करून.

साहेबांच्या कपाळावर घाम आला. त्यांचे डोळे मावशीच्या बोटांवरून हलेनात. “मावशी, हात... हात घालू नका हो त्यात.”

“का बरं?”

“माश्या बसल्यात. टाकून द्या ती परात.”

“टाकू? झाडाला दगूड मारून बघा म्हंजे कळंल, कैरी कशी उतरत्यात ती.”

“मग धुऊन तरी घ्या. दोन-तीन पाण्यातनं.”

“धुवू?” मावशीचा आवाज असा चढला की शेजारची बाई कुंपणापाशी आली. “लोणच्याच्या फोडी कापल्यावर धुत्यात? ऐकलंस का गं सखू, सायेब म्हंत्यात फोडी धुवा! कंच्या गावाला लोणचं घालत्यात तुमच्यात? विहिरीत?”

मी मान खाली घातली होती आणि गालाचा आतला भाग दातांत धरला होता. काच जोडताना हात हलून चालत नाही, आणि हसू दाबलं तर आधी हातच हलतो. मशीनच्या बारक्या पडद्यावर काचेची दोन टोकं समोरासमोर आली, ठिणगी पडली, एक झाली. जोडावर बारकी नळी चढवून गरम केली, ती आवळून बसली. मग पुढची. साहेब सोप्याच्या पायरीवर पाय ठेवायचे, मावशी परात उचलायची, साहेब पाय मागं घ्यायचे. वाघ दारात बसला असता तरी त्यांनी इतक्या खेपा मागं घेतल्या नसत्या. असा निवांत वेळ मला आजवर कुठल्याच कामावर मिळाला नव्हता.

जोडलेल्या काचा मी पसरट ट्रेमध्ये सैल वेटोळं करून ठेवल्या. कुठं कोन पडू दिला नाही, कारण काच वाकते पण मोडल्याशिवाय दुमडत नाही. ट्रे बंद केला, वर काळं घुमट झाकण चढवलं, गोल पट्टा आवळला.

“झालं ना?” साहेब अंगणातूनच ओरडले. “आता ने आणि टांग चेंबरमध्ये.”

“हवा भरून बघायची आहे, साहेब.”

“कशाला? मॅडम झाकण उघडून बघणार आहेत? मीटर लावतील, आकडा बघतील, जातील. टांग म्हणतो ना. नाही तर सांगतो त्यांना, पोरीचा हात चालत नाही म्हणून. मग बस बॅगा उचलत.”

सांगितलं असतं त्यांनी. आणि मॅडमनी त्यांचं ऐकलंही असतं, कारण ते पंधरा वर्षं त्या कामात होते आणि मी कोण? मी डब्याकडं बघत बसले. जुलैत चेंबर भरला की काय होईल ते मला दिसत होतं, आणि बॅगही दिसत होती.

“ती काय हवा भरायची म्हंती, ती भर,” मावशी म्हणाली. “बरनीच्या तोंडाला दादरा बांधल्याबिगर मी कुनाला माज्या सोप्यावरनं उठू देत न्हाई.” आणि परात घेऊन ती स्वतःच पायरी उतरून अंगणात गेली. “सायेब, येवडं हुबं ऱ्हायलाईसा. उपास सोडा की आता.”

साहेब गोठ्याकडं गेले. मावशी त्यांच्यामागं.

मी सायकलचा पंप लावून डब्यात हवा भरली, साबणाचं पाणी फडक्यानं झाकणाच्या कडेला लावलं आणि थांबले. आधी काहीच नाही. मग पट्ट्याच्या एका बाजूला एक बुडबुडा आला. फुगला, फुटला. त्याच जागी दुसरा आला.

गळत होता. माझा पहिला जॉइंट गळत होता. मी हवा सोडली, पट्टा काढला, झाकण उचललं आणि खालच्या रबरी कड्यावरून बोट फिरवलं. बोटाखाली काहीतरी टोचलं. बघितलं तर मोहरीच्या डाळीचा दाणा. कडं आणि प्लास्टिक यांच्या मधोमध ऐटीत बसलेला.

मावशी गोठ्याकडून परतली तेव्हा मी तळहातावर तो दाणा धरून तिला दाखवला. ती वाकून बघत राहिली. मग तिनं तोंडाला पदर लावला.

“माजीच हाय,” ती कुजबुजली. “त्येची काच माज्यात, माजी मोहरी तुज्यात. फिट्टंफाट.”

मी कडं पुसलं, पुन्हा बसवलं, पट्टा आवळला, हवा भरली. साबणाचं पाणी कडेनं तसंच चकचकत राहिलं. बघत बसले तरी एक बुडबुडा आला नाही. मला रडू यायला लागलं, का ते विचारू नका. मी नाक वर ओढलं आणि केबलचं वेटोळं करून डबा चेंबरमध्ये, तळापासून वर, हुकाला टांगला.

परत येऊन हात धुतले तोवर मॅडमची जीप आली.

पिंगळे मॅडम बारीक अंगाच्या, केस पांढरे, बोलणं थोडकं. त्यांनी चेंबरमध्ये वाकून डबा हलवून बघितला, केबल ओढून बघितली, पट्टा दाबून बघितला. मग ग्रामपंचायतीच्या खोलीत जाऊन मीटर लावला. मी दारात उभी होते. पडद्यावरची रेघ जॉइंटच्या जागी जराही खाली आली नाही, म्हणजे उजेड तिथं अडत नव्हता. मॅडमनी पुन्हा एकदा लावून बघितलं.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “फारच छान आहे. कुणी केला?”

मी तोंड उघडलं. माझ्याआधी खराडे साहेब बोलले.

“मीच जवळ बसून करून घेतला, मॅडम. अगदी सुरुवातीपासून. अवघड अवघड मीच केलं म्हणा ना. पोरीला अजून सवय नाही. वर्षभर राहू दे हेल्पर, मग बघू.”

एवढं सरळ खोटं कुणी एवढ्या सहज बोलू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मी मॅडमकडं बघितलं. त्यांनी मान डोलावली होती. सुपरवायझर खोटं बोलतो असं हेल्परनं म्हणायचं, ते मॅडमसमोर, आणि उद्या पुन्हा त्याच्याच हाताखाली जायचं, हे मला जमलं नाही. बॅग, मी मनात म्हटलं. आली परत.

जीप मावशीच्या दारातच उभी होती. तिथवर आम्ही चालत आलो. मावशी सोप्यावर परात घेऊन बसली होती. मॅडम आलेल्या बघून ती उठली.

“बाईसायेब, उनातनं आलाईसा. वाईच टेका. एक फोड तरी घ्या कैरीची.”

“वा, कैरी!” मॅडम म्हणाल्या. इतका वेळ न हसलेली बाई हसली. “शाळा सुटल्यावर आम्ही हेच खायचो.” त्या सोप्याच्या कडेवर टेकल्या. त्यांनी परातीतली एक फोड उचलली, वरचं तिखटमीठ बोटानं सारखं केलं आणि तोंडाशी नेली.

“मॅडम, नका!”

खराडे साहेब अंगणाच्या मधोमध हात वर करून उभे होते.

मॅडमचा हात थांबला. “काय झालं?”

“खाऊ नका. त्यात... त्यात काच आहे.”

कुंपणापलीकडची सखू टाचा उंचावून बघायला लागली.

“काच?” मॅडमनी फोड डोळ्यांसमोर धरून फिरवून बघितली. “कसली काच?”

“फायबरची. तुकडे उडाले असतील. वारा होता.”

“तुम्ही जवळ बसून जॉइंट करून घेतला ना? सुरुवातीपासून?”

“हो. म्हणजे...”

“मग तुमच्यासमोर तुकडे खाण्यात गेले कसे?”

“मी तेव्हा... त्या वेळेला मी जरा फोनवर बाहेर होतो, मॅडम.”

“बाहेर होतात. मग जॉइंट कुणी केला?”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना माझी मदत हवी होती. मी काजूच्या झाडाकडं बघितलं. तंबू अजून वरच होता.

“त्येनीच फुकर मारली, बाईसायेब,” मावशी शांतपणे म्हणाली. “आमी दोघींनी बघितलं. त्येनी बी बघितलं. त्या फोडी मी तवाच परड्यात पुरल्या, मातीखाली. परात घासून घेतली. ह्या आतल्या, नव्या कापल्याल्या हायत. खावा तुमी, बिनघोर खावा.”

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. “खरं?”

“खरं, मॅडम. तुकडे पडल्या पडल्या मी मावशींना सांगितलं. जमीन चिकटपट्टीनं टिपून घेतली. बाटली दाखवू?”

“आणि खराड्यांना का नाही सांगितलंत, परात बदलली म्हणून?”

“जॉइंट चालू होता, मॅडम,” मी म्हटलं. “मान वर करता येत नव्हती.”

मॅडमनी फोड तोंडात टाकली. आंबटपणानं एक डोळा बारीक झाला. सावकाश चावून, गिळून त्या म्हणाल्या, “मशीन उद्यापासून तुमच्या नावावर, सुतार. पुढचा चेंबर तुम्हीच करा. खराडे, तुमचं आपण ऑफिसात बोलू.”

मला ओरडावंसं वाटलं. सकाळपासून दाबून ठेवलेलं हसू एकदम उसळून आलं, आणि ते वाटून घ्यायला मी मावशीकडं वळले. आमचा डाव कसा फत्ते झाला, साहेब कसे गोठ्याभोवती पळत होते, पन्हं काय, उपास काय. दिवसभर मी धरून चालले होते की मावशी त्यांची गंमत करतेय.

मावशी हसत नव्हती. ती खराडे साहेबांकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावर मघाची मिश्किली जराही उरली नव्हती.

“सायेब,” ती म्हणाली, “मी तुमास्नी किती येळा परात दावली? म्हटलं, आता सांगतील. आता सांगतील. माश्या म्हटलासा, धुवा म्हटलासा, टाका म्हटलासा. काच तेवढी म्हटला न्हाईसा. त्या परातीतल्या फोडी माजी नातवंडं खानार हुती. तवा तोंड उघडलं न्हाई तुमचं. बाईसायबांच्या तोंडाशी फोड गेली तवा लगीच उघडलं.”

माझं हसू कुठं गेलं ते मला कळलं नाही. आज मी पोरापोरींना जॉइंट करायला शिकवते आणि हा किस्सा सांगते तेव्हा ती गोठ्याच्या प्रसंगापर्यंत पोटभर हसतात. इथं येऊन त्यांचीही तीच गत होते.

मावशीनं परातीतली एक मोठी फोड निवडली, पायरी उतरून गेली आणि ती साहेबांच्या हातावर ठेवली.

“खावा आता.”

साहेबांनी ती तिथंच उभ्या उभ्या, बाठीसकट चावून खाल्ली.